वीसपैकी नऊ

३ फेब्रुवारी १९९०

दादा,

पुस्तक मिळालं! रद्दीच्या दुकानात तळाशी दडलेलं होतं. शिक्षकाशिवाय फ्रेंच शिका, अशा छापाचं आहे आणि सोबत दोन कॅसेटी. पहिली अठरा पानं उंदरांनी खाल्लीत, त्यामुळे मला फ्रेंचमध्ये नमस्कार करता येत नाही, पण 'माझ्या काकांचं घर तुमच्या घरापेक्षा मोठं आहे' हे घडाघडा म्हणता येतं. पहिल्याच भेटीत भांडण होणार बघ.

मी कामाला जाते त्या चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासताना ओठ हलवत शब्द पाठ करते. चमचा आपल्याकडे पुरुष, तिकडे बाई. सुरी आपल्याकडे बाई, तिकडे पुरुष. घरातल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी चिकटवलीय, पुरुषांना निळी आणि बायकांना लाल. काल बाबांच्या पलंगाला लावायला गेले तर ओरडले, "मला पण लाव एखादी, मेलेला म्हणून." उजवी बाजू सहा वर्षांपूर्वी गेली ती गेलीच, जीभ मात्र ठणठणीत आहे.

आपलं ठरलंय ते लक्षात आहे ना? बाबांपाशी आधी मी, मग तू. मला फ्रेंच आली की तुझ्या गावातल्या चष्म्याच्या कारखान्यात माझी सोय आणि तू इथे. गेल्या खेपेला तू स्वतःच्या तोंडाने म्हणालास. मी बत्तिशीला आले दादा. दिवस मोजतेय हे तुला ठाऊक असावं म्हणून लिहिते.

चिंगी

२६ फेब्रुवारी १९९०

अगं चिंगे,

तुझा उत्साह बघून हसू आलं. रद्दीतल्या पुस्तकावर फ्रेंच शिकता आली असती तर मी इथे दहा वर्षं घासली ती कशाला? ही भाषा कानाने शिकायची असते. माझ्या वरच्या मजल्यावर शाळेत शिकवलेली एक म्हातारी राहते, तिचं ऐकून ऐकून मी तयार झालो. पण शब्द दिलाय तर पाळतो.

आता नीट ऐक. दर महिन्याला एक कॅसेट भरायची, धडा वाचायचा, पुढे पाच मिनिटं मनाने बोलायचं आणि मला पाठवायची. मी तपासून वीसपैकी गुण कळवीन. इथे वीसपैकीच देतात. चौदा पडले की कारखान्याला लागते त्या फ्रेंचच्या परीक्षेला बस, त्याआधी नाही. ती परीक्षा एकदाच देता येते, नापास झालीस की नावावर कायमची फुली मारतात. माझ्या ओळखीच्या एकाचं तसं झालं, तो आजतागायत रडतोय.

तर घाई करायची नाही. बाबांना वेळच्या वेळी कुशीवर वळवत जा, पाठीला जखमा होतील. मला इथे त्यांच्या काळजीने घास उतरत नाही.

दादा

१० ऑक्टोबर १९९०

दादा,

सातवी कॅसेट सोबत आहे. गेल्या वेळचे आठ गुण बघून दोन दिवस पुस्तक उघडलं नाही, मग उघडलं.

तू म्हणालास र घशातून येत नाही. रोज अंघोळीच्या वेळी खाकरून खाकरून घसा सोलवटलाय. बाबा बाहेरून विचारतात, "चिंगे, तुला क्षय झाला का गं?" नाकातल्या स्वरांसाठी एक युक्ती काढलीय. दुकानातली घासलेली काच नाकाखाली धरायची आणि स्वर म्हणायचा. काचेवर वाफ जमली की बरोबर, नाही जमली की चुकलं. आता दहापैकी नऊ वेळा जमते. मालकांनी पाहिलं, त्यांना वाटलं मी काचा तोंडाने पुसतेय.

मागे पाण्याचा आवाज येतो त्याबद्दल माफ कर. न्हाणीघरात बसून बोलावं लागतं. बाबांना माझी फ्रेंच ऐकवत नाही, त्यांना वाटतं मी त्यांना शिव्या देते. परवा पाण्याचा तांब्या फेकला, डाव्या हाताने, पण नेम चांगला आहे. कपाळाला टेंगूळ आलंय. हे तुला रडगाणं म्हणून लिहीत नाही. अकरा तरी दे या वेळी, म्हणजे हुरूप येईल.

चिंगी

८ नोव्हेंबर १९९०

चिंगे,

नऊ. तेही बहीण म्हणून.

खरं सांगू का? रविवारी चार मित्र जेवायला आले होते, त्यांना तुझी कॅसेट लावून दाखवली. हसून हसून एकाला ठसका लागला. एक म्हणाला, ही बाई बोलतेय की गुळण्या करतेय? मी तुझी बाजू घेतली, पण मलाही हसू आवरेना. तुला वाईट वाटेल, पण दुसऱ्या कुणी तोंडावर सांगण्यापेक्षा घरच्याने सांगितलेलं बरं.

तुझ्यात मुळातच तो कान नाही. बाबांकडे बघितलं की कळतं, त्यांनाही गाण्यातलं ओ की ठो कळत नाही. मी आईवर गेलो. तरी प्रयत्न सोडू नकोस, डोक्याला चालना मिळते.

बाबांवर रागावू नकोस. आजारी माणूस आहे. तांब्या जरा लांब ठेव.

दादा

१७ मे १९९३

दादा,

ही अडतिसावी कॅसेट. तीन वर्षांत माझे गुण आठवरून साडेअकरावर आले आणि वर्षभर तिथेच अडकलेत. या हिशोबाने चौदा पडतील तेव्हा मी तोंडाचं बोळकं घेऊन तुझ्या दारात उभी राहीन.

एक गोष्ट स्पष्ट विचारते, चिडू नकोस. तू नुसते गुण लिहितोस, नाहीतर 'र वाईट' एवढंच. नेमकं चुकतं काय ते सांग ना. कुठला शब्द, कुठला स्वर, क्रियापद कुठे घसरलं? पुस्तक मी तीनदा संपवलंय. वाचनालयातले फ्रेंच अंक आणून वाचते आणि आता शब्दकोश फार उघडावा लागत नाही. तुझ्या कानाला माझं बोलणं अजून गुळण्याच वाटत असेल तर कुठे ते दाखव. मराठीत नको, फ्रेंचमध्येच लिही. समजून घेईन.

मी पस्तिशी ओलांडली. माझ्या हातात पाठीची कळ, कपाळावर दोन व्रण आणि ही एक भाषा, एवढंच आहे. ती तरी खरी आहे की नाही ते कळू दे.

चिंगी

२० जून १९९३

चिंगे,

फारच आगाऊ झालीस! पण मागितलंस तर घे. तुझ्या चुका सविस्तर लिहून काढल्यात, फ्रेंचमध्ये, दोन पानं भरून. सोबत जोडलीत. कामाच्या गडबडीतून वेळ काढून लिहिलीत, तेव्हा एका वाचनात कळली नाहीत तर पुन्हा विचारू नकोस. माझं फ्रेंच अक्षर जरा वेगळं वाटेल, इथली वळणं वेगळी असतात.

गुण दहा. गेल्या वेळेपेक्षा दीडाने उतरलीस, उर्मटपणाचे कापलेत असं समज.

दादा

४ जुलै १९९३
(वरच्या मजल्यावरच्या बाईंना लिहायच्या फ्रेंच पत्राचा कच्चा खर्डा, आधी मराठीत)

आदरणीय बाई,

तुम्ही मला ओळखता, मी तुम्हाला कालपर्यंत ओळखत नव्हते. तुमच्या खालच्या खोलीत राहणाऱ्या माणसाची मी बहीण. तुम्ही माझ्यासाठी लिहिलेली दोन पानं माझ्या हाती आली. माझ्या भावाने ती स्वतःची म्हणून पाठवली. त्याला ती वाचता आली असती तर त्याने ती चुलीत घातली असती.

मी ती पाच वेळा वाचली. पहिल्यांदा वाटलं, मला फ्रेंच कळतच नाही, म्हणून उलटसुलट अर्थ लावतेय. मग प्रत्येक शब्द शब्दकोशात पाहिला. तुम्ही लिहिलंय की तुम्ही चाळीस वर्षं शाळेत शिकवलंत, माझ्या सगळ्या कॅसेटी तुम्हीच तपासल्यात आणि दुसऱ्या वर्षापासून मला सतराच्या खाली गुण दिलेले नाहीत. 'आता तुम्हाला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलेलं नाही, तुम्ही परीक्षेला का बसत नाही?' असं विचारलंय. ती परीक्षा हव्या तितक्या वेळा देता येते, हेही त्याच पानावर कळलं. तुम्ही माझं नाव सुचवल्यावर चष्म्याच्या कारखान्याने माझ्याबद्दल दोनदा विचारणा केली आणि भावाने 'बहिणीला वडिलांचे पाय सोडवत नाहीत' म्हणून नकार कळवला, हेही. आणि तेरा वर्षं राहून तो विजेचं बिलसुद्धा तुमच्याकडून वाचून घेतो, त्याला मी शिकवावं, असं तुम्ही हसत लिहिलंय. मी हसले नाही.

बाई, तो माझा सख्खा भाऊ आहे. माझ्या बोलण्याला त्याचे मित्र हसले, असं त्याने मला कळवलं होतं. त्या मित्रांना तरी फ्रेंच कुठे येते? तुमच्याच पानांवरून कळलं की तो आणि ते सगळे एकाच शीतगृहात खोकी रचतात आणि आपसात आमच्याच भाषेत बोलतात.

मी परीक्षेला बसते. कारखान्याला माझा होकार कळवाल का? भावाला यातलं काही सांगू नका, एवढीच विनंती. मला इथून निघायचं आहे आणि तो इथे आल्याशिवाय मला निघता येत नाही. वडिलांना टाकून मी येणार नाही. तो टाकू शकला, मी नाही.

५ जुलै १९९३

दादा,

दोन्ही पानं मिळाली. किती बारकाईने लिहिलंयस! डोळे उघडले. अक्षर तर इतकं सुरेख आलंय की लहानपणी तुझ्या वहीला मास्तर कोंबडीचे पाय म्हणायचे ते खरं वाटत नाही.

तुझे सगळे मुद्दे मान्य. पुढच्या महिन्यापासून कॅसेटी पाठवत नाही, तुला त्रास नको. घरीच सराव करते. बाबा बरे आहेत, तुझी आठवण काढतात. मी भात भरवत असले तरी दादाच्या हातचं पाणी हवं म्हणतात.

चिंगी

१२ मार्च १९९४

प्रिय चिंगी,

कशी आहेस? बरेच महिने तुझं काही नाही. तब्येतीला जप.

एक छोटं काम आहे. इथे नवा नियम निघालाय. कायम राहण्याचा परवाना हवा असेल तर अधिकाऱ्यासमोर पाच मिनिटं फ्रेंचमध्ये स्वतःबद्दल बोलायचं. चौदा वर्षं झालेल्यालाही सुटका नाही! न जमणाऱ्याला परत पाठवतात. मला काही अवघड नाही, मी दिवसभर फ्रेंचच बोलतो, पण ती कामावरची फ्रेंच. सरकारी भाषा निराळी, आणि लिहीत बसायला मला वेळ कुठला? तुझं व्याकरण ताजं आहे. तर माझ्याबद्दल एक पान लिहून दे. किती वर्षं राहतो, काय करतो, हा देश किती आवडतो वगैरे. आणि फ्रेंच लिपीऐवजी देवनागरीत उच्चार लिहून पाठव, म्हणजे बसमध्ये उभ्या उभ्या पाठ करता येईल.

चिंगे, हे झालं नाही तर मला सगळं सोडून यावं लागेल. तुझ्याशिवाय मी कुणाला सांगणार?

तुझा दादा

२ एप्रिल १९९४

दादा,

पान सोबत आहे. देवनागरीत, मोठ्या अक्षरात, जिथे श्वास घ्यायचा तिथे रेघ मारलीय. नाकातले स्वर लाल शाईने केलेत. घोकून पाठ कर, एकही शब्द वगळू नकोस. सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे.

एक काम मात्र नक्की कर. जायच्या आधी हे एकदा तुझ्या वरच्या मजल्यावरच्या बाईंना म्हणून दाखव. शाळेत शिकवायच्या ना त्या? तू एकदा ओझरतं लिहिलं होतंस. त्या काय म्हणतात ते ऐक आणि त्या म्हणतील तसं कर. मी हे मनापासून सांगतेय दादा. त्यांना विचारल्याशिवाय जाऊ नकोस.

चिंगी

२४ एप्रिल १९९४

चिंगी,

पान झकास! तोंडपाठ झालं. कामावर एकाला म्हणून दाखवलं, तो म्हणाला तू तर साहेबच वाटतोस. भाषा भारदस्त आहे हे माझ्या लगेच लक्षात आलं, दोन ठिकाणी मी असतो तर वेगळं लिहिलं असतं, पण चालेल.

वरच्या म्हातारीला कशाला दाखवायचं? तिला नाक खुपसायची सवय आहे. जिन्यात भेटली की तुझी चौकशी करत बसते, मीच टाळतो. मला कळतंय ना, मग झालं. वीस मे तारीख आहे. बाबांना माझ्यासाठी प्रार्थना करायला सांग.

दादा

३० मे १९९४

चिंगी,

काय लिहून दिलंस तू?

त्यांनी सांगितलं तिथे उभा राहिलो, नवा कोट घातला होता. एका दमात सगळं म्हटलं, एक अक्षर चुकलो नाही. अधिकारी आधी खाली बघून लिहीत होता. दोन वाक्यांनंतर त्याने पेन ठेवलं. शेजारी बसलेली बाई तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं खूश झाले. मी आणखी जोरात म्हटलं. संपल्यावर त्याने हळू आवाजात काहीतरी विचारलं, मला कळलं नाही, म्हणून मी शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं. ते त्याने लिहून घेतलं, खाली माझी सही घेतली आणि उठून माझा हात हातात घेतला. बाईच्या डोळ्यांत पाणी होतं.

आठवड्याने कागद आला. मित्राच्या पुतण्याने वाचला. परवाना नामंजूर, आणि माझ्या स्वतःच्या विनंतीवरून मला परत पाठवण्याची व्यवस्था केलीय, म्हणे. माझ्या कसल्या विनंतीवरून? मी वर धावलो. म्हातारीने दार उघडलं, मी कागद पुढे केला, तर तिने माझ्या तोंडावर दार लावलं.

अठरा जूनला दुपारी पोचतोय. तोंड दाखव मग, बघतो तुला.

१८ जून १९९४
(पाकीट टेबलावर)

दादा,

तू हे वाचतोयस तेव्हा माझं विमान सुटलेलं असेल. परीक्षा गेल्या डिसेंबरात पास झाले. कारखान्याचं पत्र आणि परवाना येऊनही तीन महिने झाले. तू येईपर्यंत थांबले होते.

तू अधिकाऱ्यासमोर जे बोललास ते मराठीत असं आहे:

'साहेब, मी चौदा वर्षं तुमच्या देशात राहतो आणि मला तुमची भाषा येत नाही. आत्ता मी जे बोलतोय त्याचाही अर्थ मला माहीत नाही. हे माझ्या बहिणीने लिहून दिलंय. तिला तुमची भाषा चांगली येते. ती एकटीने शिकली. दर महिन्याला तिला सतरा गुण मिळत होते आणि मी तिला नऊ-दहा कळवत होतो, कारण ती पास झाली असती तर आजारी वडिलांपाशी बसायची पाळी माझी होती. मला ती नको होती. आता मला माझी चूक कळली आहे. कृपा करून मला घरी पाठवा.'

शेवटची दोन वाक्यं सोडली तर यात एक अक्षर खोटं नाही. बाईंना वाचून दाखव म्हणून मी तुला सांगितलं होतं. त्यांनी तुला वाचवलं असतं, त्यांचा स्वभावच तसा आहे. ते पत्र टाकल्यावर महिनाभर मी पोस्टमनची वाट बघत होते. 'चिंगे, मला कळलं, मी चुकलो,' एवढं आलं असतं तर मी दुसरं पान लिहून दिलं असतं, तेही तयार होतं. तुझं पत्र आलं, त्यात मी लिहिलेलं दोन ठिकाणी तू सुधारलं असतंस असं होतं. ते वाचून मी दुसरं पान फाडलं. मला तुझी दया येत नाही आणि असं होईल असं मला स्वतःबद्दल कधी वाटलं नव्हतं. चार वर्षांत मी फ्रेंचबरोबर हेही शिकले.

आता कामाचं. शेजारच्या काकू बाबांपाशी बसल्यात, त्यांना पाच वाजता घरी जायचंय. दर दोन तासांनी बाबांना कुशीवर वळवायचं, आधी गुडघा मुडपून घ्यायचा, मग खांदा ओढायचा. मध्यरात्रीसुद्धा. पाठीवर डाव्या बाजूला एक जखम आहे, ती रोज धुवावी लागते. डॉक्टर म्हणाले, हृदय दणकट आहे, अजून पंधरा-वीस वर्षं सहज काढतील.

तुला परत पाठवलं हे त्यांना सांगितलेलं नाही. मी सांगितलंय की दादाने तुमच्यासाठी तिथलं सगळं सोडलं, आता तो तुम्हाला सोडून कुठेही जाणार नाही. ते सकाळपासून रडताहेत, आनंदाने. चांगल्या हाताने तुझा हात धरून बसायचं म्हणतात. आत जा, ते वाट बघताहेत.

चिंगी